क्रूसोची तहान

डॅनियल डिफोच्या रॉबिन्सन क्रूसोला बेटावर पिण्याचे पाणी एका वाक्यात मिळते. जहाज फुटलेले, सोबती बुडालेले, अंगावरचे कपडे ओले; अशा अवस्थेत तो किनाऱ्यापासून फर्लांगभर आत चालत जातो, तिथे गोडे पाणी सापडते, त्याला फार आनंद होतो, पाणी पिऊन तो भूक मारण्यासाठी चिमूटभर तंबाखू तोंडात टाकतो आणि झाडावर चढून झोपी जातो. संपले. पुढे अठ्ठावीस वर्षे हा गृहस्थ त्या बेटावर काढणार आहे; कुंपण कसे घातले, मडकी कशी भाजली, जव कसा पेरला, बकऱ्या कशा माणसाळवल्या याची पानेच्या पाने आपल्याला वाचायला मिळणार आहेत. पाण्याची मात्र एका वाक्यात बोळवण.

१७१९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीवर लिहिणाऱ्यांची उणीव नाही. मार्क्सने ‘भांडवला’त क्रूसोचा दाखला घेतला. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी त्याला आपला लाडका एकांडा उत्पादक करून टाकले. इयन वॉटने १९५७ साली कादंबरीच्या उदयाची मांडणी करताना त्याच्यात आधुनिक व्यक्तिवादाचे रूप पाहिले, आणि कुट्सीने १९८६ साली ‘फो’ लिहून त्याच बेटावर एक बाई आणि जीभ नसलेला फ्रायडे उभा केला. आमच्या विद्यापीठांतले प्रश्नपत्रिकाकार या चौकटीतून फारसे बाहेर जात नाहीत: क्रूसो वसाहतवादी की भांडवलदार, सोदाहरण स्पष्ट करा. या गर्दीत त्या पहिल्या घोटाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. आमचे म्हणणे असे की ती सगळी कादंबरी, तिच्यातला तो स्वयंपूर्ण एकटा माणूस आणि त्याचे ते प्रसिद्ध कष्ट, हे सारे त्या फुकट मिळालेल्या पाण्यावर उभे आहे. पाणी फर्लांगभर अंतरावर नसते तर कादंबरी चौथ्या दिवशी संपली असती.

पाण्याविषयीचा हा आमचा संशयीपणा वाचनातून आलेला नाही, तो आजोळचा आहे. आमचे आजोळ तळकोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. परसात विहीर, तिला रहाट. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तिचे पाणी गोड असे. (पिण्याजोग्या पाण्याला ‘गोडे’ म्हणणारी आपली भाषा समुद्राशेजारी राहिलेल्या माणसांनी घडवली असावी असे आम्हाला नेहमी वाटते, साखर नसलेल्या वस्तूला गोड म्हणायला आधी खारटाचा अनुभव हवा.) वैशाखात मात्र आजीचा एक नियम असे. पहाटे ठरावीक कळशा काढायच्या, मग दुपार कलेपर्यंत रहाटाला हात लावायचा नाही. विहिरीला दम खाऊ द्यावा, फार ओढले तर ती रागावते, असे ती सांगे. पुढे वाडीत विजेचे पंप आले, माडांना दिवसभर पाणी सुटू लागले, आणि दोन-चार उन्हाळ्यांत विहीर खरोखरच रागावली. पाणी मचूळ झाले. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. समुद्र आत आला नव्हता. तो पहिल्यापासून खालीच होता.

आजीच्या या रागाचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॅडन गायबेन या डच आणि पुढे हर्झबर्ग या जर्मन अभ्यासकाने मांडले. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके. वाळूच्या किंवा प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या समुद्रजलावर तरंगत राहते, मध्ये जाड आणि कडांना पातळ अशा भिंगासारखे. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस हात असते. म्हणूनच उपसा करून वरची पातळी हातभर खाली नेली, की खालचे खारे पाणी चाळीस हात वर चढू पाहते. चार्ल्स डार्विन एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला होता. तिथल्या विहिरींचे गोडे पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत असे. वाळू समुद्राच्या पाण्यातले मीठ गाळून घेते, अशी त्या काळी काहींची कल्पना होती. डार्विनने ती नाकारून, हे पावसाचेच पाणी आहे आणि ते खाऱ्यावर तरंगते आहे, असा खुलासा आपल्या प्रवासवृत्तात करून ठेवला. सखल बेटावर अडकलेल्या माणसाने पाण्याच्या अगदी काठाशी खणू नये, थोडे आत, जिथे झुडपे धरली आहेत तिथे खणावे आणि फार खोल जाऊ नये, हे शहाणपण या भिंगातून निघते. खोल गेलात की भिंगाच्या पलीकडे गेलात.

मालवणच्या समुद्रात खडकावर बांधलेल्या सिंधुदुर्गात तीन गोड्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या किल्ल्यात ही नावे ज्यांनी ठेवली त्यांना नाव ठेवण्याची हौस होती असे कोणी म्हणेल. आम्हाला त्यात मोजदाद दिसते. वेढा पडला तर किल्ला दारूगोळ्याच्या आधी पाण्याने पडतो.

असो. तहानेचे शरीरशास्त्र थोडक्यात सांगून पुढे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचा मजकूर नुसताच करुण वाटेल. समुद्राच्या एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. आपले मूत्रपिंड इतके खारट मूत्र करू शकत नाही. म्हणून एक लिटर समुद्र प्यायलात तर त्यातले मीठ बाहेर टाकायला लिटरापेक्षा अधिक पाणी अंगातून जाते. समुद्री कासवाच्या डोळ्यांजवळ मिठाच्या ग्रंथी असतात. किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली कासवीण रडताना दिसते ती जास्तीचे मीठ गाळत असते. माणसाच्या अश्रूंना तेवढे साधत नाही. शिवाय उष्ण कटिबंधात उन्हात चढ चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. म्हणजे पाणी शोधायचे तर चालावे लागते आणि चालायचे तर पाणी खर्चावे लागते. शोध हाच खर्च. या हिशेबात एकटा माणूस कुठे बसतो, हा आमचा मुद्दा आहे. त्यासाठी एकाच बेटावर चोवीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात असे सुचवतो.

ते बेट म्हणजे असेन्शन. अटलांटिकच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ अंशांवर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सोळाशे किलोमीटर दूर. ज्वालामुखीची राख, काळा लाव्हा आणि मधोमध आठशेहून अधिक मीटर उंचीचा एक डोंगर. फेब्रुवारी १७०१ मध्ये विल्यम डॅम्पियर हा चाचा, प्रवासी आणि उत्तम गद्यलेखक ऑस्ट्रेलियाच्या सफरीहून ‘रोबक’ नावाच्या जहाजातून परतत होता. जहाज कुजले होते, या बेटाजवळ आल्यावर गळू लागले, आणि माणसे तराफ्यावरून किनाऱ्याला लागली. काही दिवसांतच त्यांना पाणी सापडले: तंबूंपासून सुमारे आठ मैलांवर, उंच डोंगराच्या पलीकडे. डॅम्पियर स्वतः अधिकाऱ्यांना घेऊन ते पाहायला निघाला, तेव्हा वाटेत रात्र काढावी लागली. झरा डोंगराच्या आग्नेय अंगाला, माथ्यापासून अर्ध्या मैलावर होता आणि तिथे सतत इतके धुके असे, की पाण्याजवळ राहणे प्रकृतीला मानवणार नाही असे त्याने लिहून ठेवले. जवळच्या एका खुरट्या झाडावर नांगर आणि दोरखंड कोरलेले त्याला दिसले, सोबत १६४२ हे साल. म्हणजे त्याच्या आधी कोणीतरी तिथवर पोचले होते. बकऱ्या, कासवे, खेकडे आणि हे पाणी यांवर ती मंडळी पाचेक आठवडे राहिली आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथे आलेल्या इंग्रज जहाजांतून परत गेली.

या वर्णनातला आग्नेय हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या समुद्रात व्यापारी वारे वर्षभर आग्नेयेकडून वाहतात. ओले वारे डोंगराला आपटून वर चढतात, थंड होतात, धुके होऊन थिजतात आणि खडकातून झिरपतात. जहाजे मात्र वाऱ्याच्या आडोशाला, वायव्येच्या किनाऱ्याला नांगर टाकतात. म्हणजे माणूस जिथे उतरतो तिथे बेट कोरडे आणि पाणी नेमके पाठीमागे. घाटमाथा आणि दुष्काळी देश यांचा संबंध ज्यांनी अनुभवला आहे त्या मराठी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. असेन्शनच्या किनाऱ्यावर उतरणे म्हणजे माणदेशात उतरून महाबळेश्वरचे पाणी शोधणे.

आता दुसरी घटना. ५ मे १७२५ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजाने याच किनाऱ्यावर लेन्डर्ट हासेनबॉश नावाच्या तिशीतल्या माणसाला उतरवून दिले. हा कंपनीचा शिपाई म्हणून पूर्वेकडे आला होता, काही वर्षे आपल्याकडच्या कोचीनमध्ये होता, पुढे बटाव्हियात लेखनिकाच्या कामाला लागला आणि जहाजावर हिशेबनीस म्हणून मायदेशी परतत होता. पुरुषाशी शरीरसंबंध ठेवल्याचा आरोप त्याच्यावर सिद्ध धरण्यात आला आणि शिक्षा म्हणून बेट देण्यात आले. सोबत एक तंबू, थोडे बियाणे, बायबल, लिहिण्याचे साहित्य आणि सुमारे महिनाभर पुरेल इतके पाणी. १७२६ च्या जानेवारीत इंग्रज खलाशांना त्याचा तंबू आणि रोजनिशी सापडली. तो सापडला नाही.

त्या रोजनिशीत पाणी एका वाक्यात येत नाही, दर वाक्यात येते. आज अमुक दिशेला गेलो, पाणी नाही. आज टेकडीवर चढलो, पाणी नाही, जहाजही नाही. जूनमध्ये एका खडकाच्या पोकळीत थोडे पाणी सापडते. ते तंबूपर्यंत वाहून आणण्यात त्याचे दिवस जातात. मग ऊन वाढते आणि पोकळी आटते. ऑगस्टअखेर तो कासवाचे रक्त आणि स्वतःचे मूत्र पिऊ लागलेला असतो. रक्त समुद्राइतके खारट नसते हे खरे, पण त्यातली प्रथिने पचवून बाहेर टाकायलाही पाणीच लागते. ऑक्टोबरच्या मध्याला नोंदी थांबतात.

डॅम्पियरच्या लोकांना काही दिवसांत सापडलेले पाणी याला पाच महिन्यांत का सापडले नाही? याचे उत्तर अकलेत शोधू नये. रोबकवर पन्नासेक माणसे होती. दहा जण दहा दिशांना गेले तर नऊ कोरडे परततील, पण त्या नऊ जणांची तहान दहाव्याच्या शोधाने भागेल. हासेनबॉशची प्रत्येक कोरडी दिशा त्याच्या एकट्याच्या पिंपातून वजा होत होती. आठ मैल डोंगर चढून जायचे, रात्र वाटेत काढायची आणि तिथे काही नसले तर परतीचे पाणी जवळ नाही: या जुगारात शहाणा माणूस तंबूपासून फार दूर जात नाही, आणि त्या बेटावर शहाणपणानेच मरण येत होते. तीन वेळा चुकण्याची चैन ज्याला परवडते त्याला पाणी सापडते. ती चैन गटाला परवडते. ज्यांनी शिक्षा दिली त्यांनी त्याला मारले नाही, फक्त एकटे केले. या दोन गोष्टींतले अंतर एका उन्हाळ्याचे ठरले.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी इथे आणखी एक अडचण आहे. मूळ डच वही हरवली. आपल्या हाती आहेत ती १७२६ पासून पुढच्या थोड्या वर्षांत लंडनमध्ये निघालेली इंग्रजी पुस्तके, आणि त्यांतल्या पहिल्याच्या शीर्षकातच त्या ‘गुन्ह्या’ला मिळालेल्या शिक्षेचा डंका आहे, त्यानंतरच्या एकात ती स्वर्गाने घेतलेली न्याय्य सूडाची बाब झाली. लेखकाचे नावसुद्धा त्यांत नव्हते. ते कंपनीच्या दप्तरांतून शोधून काढून मिखील कोलबेर्खेन या डच अभ्यासकाने २००२ साली मांडले. त्यामुळे कोणता पश्चात्ताप तहानलेल्या माणसाचा आणि कोणता छापणाऱ्याचा, हे ठरवणे अवघड आहे. आमच्यापुरते आम्ही असे धरून चालतो की पाण्याच्या नोंदी त्याच्या आहेत. त्यांत उपदेश नाही, आणि खप वाढवणारे तर काहीच नाही.

डिफोवर आम्ही अन्याय करतो आहोत असे वाटू नये, म्हणून क्रूसोच्या रोजनिशीतला जून महिना उघडावा. त्याला हीव भरते, ताप येतो, पुन्हा हीव. दिवसभर तो अन्नपाण्याविना अंथरुणावर पडून असतो. तहानेने जीव जातो आहे, पण उठून पाणी घेण्याची शक्ती नाही. झरा तिथेच आहे, फर्लांग तेवढाच आहे, आणि तरी क्रूसो तहानलेला आहे. सबंध कादंबरीत त्याच्या तहानेला खरी धार येते ती इथे, आणि तो पहिल्यांदा मनापासून देवाला हाक मारतो तोही याच आजारात. थोडे बरे वाटताच तो काय करतो? मोठी चौकोनी बाटली पाण्याने भरून अंथरुणावरून हात पुरेल अशी मेजावर ठेवतो. तोंडात पाणी घालायला माणूस नाही, हा आपल्याकडचा वाक्प्रचार आम्हाला इतका नेमका दुसरीकडे कुठे भेटलेला नाही. पाणी म्हणजे झरा नव्हे, झरा आणि ओठ यांच्यामधला माणूस, हे डिफोला ठाऊक होते. चार पानांपुरते त्याने ते कबूल केले आणि मग नायकाला बरे करून पुन्हा कामाला लावले.

यानंतर हिंदी महासागरातल्या ट्रोमेलिन बेटाकडे यावे लागते. मादागास्करच्या पूर्वेला एक चौरस किलोमीटरभर वाळू आणि प्रवाळ, समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम सात मीटर. माड नाहीत, डोंगर नाही, झरा असण्याचा प्रश्नच नाही. ३१ जुलै १७६१ च्या रात्री फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ल्युतिल’ हे जहाज इथल्या खडकांवर फुटले. तळघरात मादागास्करहून चोरून आणलेले गुलाम होते, दीडशेच्या वर. त्यांच्यातले कित्येक जण तिथेच बुडाले. जे किनाऱ्याला लागले त्यांच्यातलेही अनेक जण पहिल्या काही दिवसांत तहानेने मेले, कारण जहाजातून वाचवलेले पाणी गोऱ्यांसाठी होते. मग सर्वांनी मिळून विहीर खणली आणि सुमारे पाच मीटरांवर पाणी लागले. गोडे नव्हे, मचूळ. पण पिऊन जगता येईल असे. आजीच्या परसातले ते भिंग इथेही वाळूखाली होते.

पुढे जहाजाच्या लाकडातून मोठी होडी बांधली गेली. २७ सप्टेंबरला तिच्यात बसून फ्रेंच खलाशी निघून गेले आणि साठेक मालागासी माणसे परत येण्याच्या वचनावर मागे राहिली. होडी सुखरूप पोचली. पण इल द फ्रान्सच्या, म्हणजे आजच्या मॉरिशसच्या, गव्हर्नराने युद्धाच्या धास्तीने गुलाम आणण्यावर बंदी घातली होती. हुकूम मोडून आणलेल्या माणसांसाठी जहाज पाठवायला त्याने नकार दिला. नोव्हेंबर १७७६ मध्ये जहाज पोचले तेव्हा, पंधरा वर्षांनी, बेटावर सात बायका आणि आठ महिन्यांचे एक मूल जिवंत होते.

पंधरा वर्षे. क्रूसोच्या अठ्ठावीसांच्या निम्म्याहून अधिक, आणि ही खरी. त्या बायकांनी रोजनिशी लिहिली नाही. त्यांच्या नावे ना कादंबरी आहे, ना प्रश्नपत्रिकेतला प्रश्न. कोणती कळशी पहाटे काढायची आणि केव्हा विहिरीला दम द्यायचा, याचा काही नियम त्यांच्यात असणारच. मचूळ पाण्याची विहीर अशा नियमाशिवाय साठ माणसांना पुरत नाही, असे आम्ही आजोळच्या अनुभवावरून म्हणतो. २००६ पासून मॅक्स गेरू यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तिथे काही वेळा उत्खनन केले. प्रवाळाच्या ठोकळ्यांची जाड भिंतींची, एकमेकींना लागून बांधलेली घरे निघाली. चूल निघाली. आणि तांब्याची भांडी निघाली, जहाजातून वाचवलेली: तळ झिजला की पत्र्याचा तुकडा कापून, कडेने भोके पाडून, तांब्याच्याच रिव्हिटांनी ठोकून बसवलेला; तो झिजला की त्याच्यावर दुसरा.